मंडपातही टिकेल असा गिटारचा टोन: घरचा स्टुडिओ मॉनिटर कसा निवडावा

दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा आणि रात्रभराच्या नाटकांचा हंगाम लागला की भंडारा-गोंदियापासून वडसा-ब्रह्मपुरीपर्यंत गिटारवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. घरी प्रोसेसरवर (गिटारचा आवाज घडवणाऱ्या इफेक्ट्सच्या डब्यावर) बनवलेला टोन भरदार होता, पण मंडपातल्या १५ इंची टॉपवर (मुख्य स्पीकरवर) लीड कानाला टोचते, पाम म्यूट (तळहाताने दाबून वाजवलेला ठोका) डबल १८ च्या, म्हणजे दोन १८ इंची स्पीकरच्या बेसमध्ये घुमतो आणि गायकाने तोंड उघडलं की गिटार गायब होते. मग सगळा राग साउंडवाल्यावर निघतो. खरं म्हणजे बहुतेक वेळा गडबड घरीच झालेली असते. टोन कोणत्या स्पीकरवर, कोणत्या खोलीत आणि किती आवाजात बनवला, यावर मंडपात काय होणार ते ठरून गेलेलं असतं. म्हणून घरी स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे आवाज न फुगवता जसाच्या तसा ऐकवणारा स्पीकर, नीट निवडायला हवा.

पहिलं कारण आपला कान. आवाज लहान असला की कानाला खर्ज (बेस) आणि उंच आवाज (ट्रेबल) दोन्ही कमी ऐकू येतात, मधला भाग मात्र ठीक ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून आलेखात मांडलं. घरचे झोपलेत म्हणून ६०-६५ डीबीवर (डेसिबल, आवाजाच्या मोठेपणाचं माप) टोन बनवायला बसलात की हात आपोआप बेस आणि ट्रेबलच्या नॉबकडे जातो. तोच टोन मंडपात ९५-१०० डीबीवर वाजला की वाढवलेला बेस आणि ट्रेबल अंगावर येतात आणि गिटार जिथे ऐकू यायला हवी तो मधला भाग खोल जातो.

दुसरं कारण स्पीकरचं. गिटार ॲम्पमधला १२ इंची स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या (दर सेकंदाची कंपनं, आकडा मोठा तितका स्वर उंच) वर झपाट्याने उतरतो. सेलेशन व्हिंटेज ३० या प्रसिद्ध स्पीकरची कंपनीने दिलेली कक्षाच ७० ते ५,००० हर्ट्झ आहे. मंडपातला टॉप १५ हजारांच्या पुढे वाजतो. म्हणून प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन किंवा आयआर (गिटार ॲम्पच्या स्पीकरची नक्कल करणारी सोय) बंद राहिलं तर डिस्टॉर्शन माश्या घोंगावल्यासारखं येतं. त्यात टॉपमध्ये साधारण १,२०० ते २,५०० हर्ट्झच्या वरचं काम हॉर्न करतो आणि गिटारची धार नेमकी २,५०० ते ४,००० च्या पट्ट्यात असते. घरच्या मॉनिटरचा मऊ डोम ट्विटर (उंच आवाजाचा छोटा स्पीकर) जे झाकून नेतो, ते हॉर्न २० फुटांवरच्या माणसाच्या कानात टोचतो.

किती इंची घ्यावा

विदर्भातल्या गावात सरावाची खोली बहुधा १० बाय १० किंवा १० बाय १२ फुटांची असते. एवढ्या जागेला ५ ते ६.५ इंची वूफर (खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर) पुरतो. ८ इंची घेतला तर जास्तीचा खर्ज खोलीच घुमवते आणि तुम्ही प्रोसेसरवर बेस कमी करत बसता. मग मंडपात गिटार पातळ वाजते. मोठा मॉनिटर म्हणजे मोठा टोन, हा समज सोडून द्या.

जाहिरातीतले आकडे मात्र नीट वाचा. एकाच स्पीकरचा खालचा आकडा दोन तऱ्हांनी छापतात, एक ३ डीबी उतरल्यावरचा आणि दुसरा १० डीबी उतरल्यावरचा. ठळक अक्षरात दुसराच असतो, कारण तो दिसायला मोठेपणाचा. उदाहरणार्थ, यामाहा एचएस५ ची खालची मर्यादा १० डीबीच्या हिशेबाने ५४ हर्ट्झ आहे, ३ डीबीच्या हिशेबाने ७४. त्याच घराण्यातला एचएस७ या हिशेबांनी ४३ आणि ५५. जेबीएल ३०५पी मार्क टू ५ इंचीच आहे, पण तो ४३ आणि ४९ पर्यंत जातो. गिटारची सहावी तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ, ड्रॉप डीमध्ये (हीच तार एक स्वर खाली उतरवली की) ७३. म्हणजे साध्या ट्यूनिंगला एचएस५ काठावर पुरतो. ड्रॉप डी वाजवणाऱ्याने ३ डीबीच्या हिशेबाने ६० च्या खाली जाणारा घ्यावा. खाली काय घुमतंय हे ऐकूच आलं नाही, तर ते कापणार कसं?

वॅटच्या मागे फार लागू नका, पीएमपीओ (क्षणभराच्या वॅटचा फुगवलेला आकडा) छापलेल्या खोक्यांच्या तर अजिबात नाही. पाहायचं ते कमाल आवाजाचं. क्लीन गिटारचा सरासरी आवाज ८५ डीबी ठेवला तर पिकचे ठोके त्याच्या १५-१८ डीबी वर जातात. तेव्हा १ मीटरवर किमान १०४ डीबी देणारा मॉनिटर हवा, नाहीतर ठोके चेपले जातात आणि टोन आहे त्यापेक्षा गुळगुळीत वाटतो.

होम थिएटर, ब्लूटूथ पार्टी स्पीकर आणि टीव्हीखालचा साउंडबार या कामाला बाद. ते मुद्दाम बेस-ट्रेबल फुगवून बनवलेले असतात. हेडफोन रात्री आयआर निवडायला चालतो, पण बेस आणि रिव्हर्बचा निकाल त्यावर देऊ नये.

आता एक मत, जे दुकानदाराला आवडणार नाही. काम फक्त स्टेजच्या टोनचं असेल आणि पैसा बेताचा असेल, तर दोन स्वस्त मॉनिटरपेक्षा एक चांगला घ्या. आपल्याकडचे मंडपातले साउंड बहुतेक मोनोच असतात. शिवाय एकच आवाज दोन स्पीकरमधून आला की तो प्रत्येक कानावर थोड्या फरकाने दोनदा पोचतो आणि २ हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. तो खड्डा भरायला तुम्ही तिथेच बूस्ट देता आणि मंडपात हॉर्न किंचाळतो. घरी गाणी मिक्स करायची असतील तर जोडी लागेलच. तेव्हाही स्टेजचा टोन एका बाजूचा मॉनिटर बंद करून ठरवा.

दुकानात काय तपासायचं

नागपूरला सीताबर्डीत घेणार असाल तर स्वतःचा प्रोसेसर, गिटार आणि एक जॅक सोबत न्या. दुकानदाराचं ठेक्याचं गाणं कोणत्याही स्पीकरवर छानच वाजतं. प्रोसेसरमध्ये तीन प्रीसेट (साठवलेले टोन) तयार ठेवा: क्लीन (साफ), क्रंच (किंचित फाटका) आणि लीड. तिन्हींत कॅब सिम्युलेशन चालू आणि आउटपुटची सेटिंग लाइन किंवा हेडफोनवर असू द्या. ती गिटार ॲम्पवर राहिली तर कॅब सिम्युलेशनचा भाग गळतो किंवा इक्यू (बेस-मिड-ट्रेबलचं प्रमाण) बदलतो आणि तपासणी वाया जाते.

दोन मॉनिटरची तुलना करताना आवाज आधी सारखा करा. १ डीबीने मोठा वाजणारा स्पीकरही मनाला चांगला वाटतो आणि दुकानात हा डाव सहज खेळला जातो. मोबाइलचं आवाज मोजायचं ॲप आकड्याला पक्कं नसलं तरी दोन स्पीकर एका पातळीवर आणायला पुरतं. फोन कानाच्या जागी धरा, एकच कॉर्ड वाजवा आणि नॉब जुळवा.

मग सहाव्या तारेवर मोकळ्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर सारख्या जोराने वाजवा. एखादा स्वर उसळतो का, एखादा बुडतो का, ते पाहा. एक-दोन स्वर उसळले तर दोष दुकानाच्या खोलीचा असेल. स्पीकर दोन फूट सरकवून पुन्हा वाजवा. उसळणारा स्वर बदलला तर दोष खोलीचा. नंतर क्रंचवर तिसऱ्या-चौथ्या तारेवर दोन स्वर एकत्र वाजवा, आवाज लगदा होता कामा नये. शेवटी लीड प्रीसेटला प्रोसेसरच्या इक्यूत ३ हजार हर्ट्झवर ३ डीबी वाढवा, मग तेवढेच कमी करा. हा फरक ज्या मॉनिटरवर लख्ख कळतो तो घ्या. ज्याच्यावर दोन्ही वेळा गोडच वाजतं, तो गाणी ऐकायला उत्तम, पण टोन बनवायला निरुपयोगी.

मागची बाजूही पाहून घ्या. बॅलन्स्ड (वायरीत घर्र कमी उचलणारा) इनपुट हवा, म्हणजे एक्सएलआर किंवा टीआरएस. भिंतीजवळ ठेवल्यावर बेस कमी करायचा स्विच हवा. एचएस५ वर तो ५०० हर्ट्झखाली २ किंवा ४ डीबी कमी करतो. वीजपुरवठ्याची पाटी वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर गावच्या चढ-उतारात तो तग धरेल. फक्त २३० असेल तर स्टॅबिलायझरचे पैसे धरा. खोका जपून ठेवा. आतलं बोर्ड गेलं तर तालुक्याच्या ठिकाणी ते उघडणारा भेटणं कठीण, सर्व्हिसला पाठवावंच लागतं.

खोली

सगळ्या खर्चातला निदान चौथा हिस्सा खोली, स्टँड आणि केबलसाठी बाजूला ठेवा. महागडा मॉनिटर मोकळ्या स्लॅबच्या खोलीत ठेवून काही हाती लागत नाही.

१० बाय १० ची, १० फूट उंचीची प्लास्टर केलेली खोली ही सर्वांत वाईट. तिन्ही मापं सारखी असल्याने ५६-५७ हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीवर, म्हणजे ११३ च्या आसपास, तिन्ही दिशांचे घुमार एकत्र येतात. पाचवी तार मोकळी वाजली की ११० हर्ट्झ. म्हणजे ए कॉर्ड दरवेळी फुगणार, तुम्ही तिथला बेस कापणार आणि उघड्या मैदानात, जिथे भिंतीच नाहीत, तीच ए कॉर्ड पोकळ वाजणार. जुन्या कवेलूच्या घरातली खोली यापेक्षा बरी, कारण उतरतं छत जमिनीला समांतर नसतं. टिनाच्या शेडमध्ये पत्रा ठरावीक स्वरांना थरथरतो. सहाव्या तारेवर एकेक स्वर वाजवून थरथरणारी जागा शोधा आणि तिथले नट-बोल्ट रबरी वॉशर घालून आवळा.

मॉनिटर खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून, आखूड भिंतीजवळ ठेवा. भिंतीपासूनचं अंतर फार महत्त्वाचं आहे. स्पीकरच्या पुढच्या तोंडापासून मागच्या भिंतीचं अंतर ३ फूट असेल तर भिंतीवरून परतलेला आवाज ९५ हर्ट्झजवळ मूळ आवाजाला खातो, २ फूट असेल तर १४० जवळ, १ फूट असेल तर २८५ जवळ. पहिले दोन आकडे गिटारच्या खालच्या तारांच्या मुळावर येतात. म्हणून मॉनिटर भिंतीला जवळजवळ टेकवा, मागे चार बोटं जागा सोडा आणि मागचा बेस स्विच एक पायरी खाली घ्या. स्पीकरचं तोंड तरीही भिंतीपासून फूटभर राहतंच, तो उरलेला २८५ चा खड्डा मागे गादी लावून बराच भरता येतो.

आणि गादीच्या बाबतीत आपण नशीबवान. बाजारातल्या १ इंची फोमच्या पिरॅमिडपेक्षा पिंजलेल्या रुईची ४ ते ६ इंच जाड गादी कितीतरी खालपर्यंत आवाज शोषते. अशा चार गाद्या पुरतात. एक मॉनिटरच्या मागे, एकेक दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आणि एक तुमच्या पाठीमागे. बाजूच्या भिंतीवरची नेमकी जागा शोधायला एकाला भिंतीला लावून आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात मॉनिटर दिसला की तिथे गादी. गादी भिंतीला चिकटवण्यापेक्षा दोन-तीन इंच पुढे, लाकडी पट्टीवर टांगली तर आणखी खालचा आवाज शोषते. विजेची वायर आणि प्लग तिच्यापासून दूर ठेवा, रुई लवकर पेटते. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल लावायच्या भानगडीत पडू नका. त्यांनी बेसला काहीच होत नाही.

यवतमाळ-वर्धेकडे वेचणीनंतर घरात कापसाचा ढीग साठवतात. तो ढीग सरावाच्या खोलीत असेल तर खोली अचानक आवरल्यासारखी वाजते, आणि कापूस विकला गेला की पुन्हा घुमते. त्या काळात बनवलेले प्रीसेट नंतर तपासून घ्या.

खाली सतरंजीवर बसून वाजवत असाल तर बाजारचे स्टँड उंच पडतात. बसल्यावर कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतो आणि ५ इंची मॉनिटरचा ट्विटर त्याच्या बुडापासून आठ-नऊ इंचांवर. म्हणजे बूड २१-२२ इंचांवर हवं. ३ इंची सात विटा गाऱ्यात बसवा, वर कडप्प्याचा तुकडा आणि त्यावर जाड रबर. विटा नुसत्या रचू नका, मांजराने धक्का दिला तरी मॉनिटर खाली येईल. जोडी असेल तर दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं यांत तिन्ही बाजूंना साडेतीन ते चार फूट अंतर ठेवा.

वीज आणि घर्र आवाजाचं थोडक्यात. प्रोसेसर आणि मॉनिटर एकाच बोर्डवर लावा आणि अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का ते वायरमनकडून तपासून घ्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गिटार घरघरतेच, प्युअर साइन वेव्ह लागतो. तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन कापून घर्र घालवायचा उपाय जिवावरचा आहे, तो करू नका.

किती आवाजात ऐकायचं

टोन ठरवायची पातळी कानाजवळ ८० ते ८५ डीबी. मॉनिटरच्या नॉबवर आणि प्रोसेसरच्या आउटपुटवर त्या जागी मार्करने खूण करा आणि टोनवर काम करताना ती हलवू नका. २० मिनिटं काम, मग थोडी विश्रांती, कारण थकलेला कान ट्रेबल मागत राहतो. मिनिटभर ९५ पर्यंत नेऊन लीड टोचते का ते पाहा आणि पुन्हा खाली या. १०० डीबीला रोजची सुरक्षित मर्यादा फक्त १५ मिनिटांची धरतात. रात्रभर नाटकाला वाजवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

या पातळीवर लो कट (ठरवलेल्या आकड्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) ९० ते ११० हर्ट्झच्या दरम्यान लावा, म्हणजे तुमचा बेस साउंडवाल्याच्या डबल १८ मध्ये शिरणार नाही. हाय कट (वरचा आवाज कापणारा) ५,५०० ते ७,००० च्या दरम्यान. घरी हा टोन जरा मंद वाटेल, वाटू द्या. २०० ते ३०० मध्ये लगदा असेल तर २-३ डीबी काढा. डिस्टॉर्शनचा गेन घरी आवडतो त्याच्या दोन-तृतीयांशावर आणा, मोठ्या आवाजात तो आपोआप भरतो. लीड बाकी प्रीसेटपेक्षा ३-४ डीबी वर असावी आणि ती वाढ ८०० ते १,५०० च्या पट्ट्यातून यावी. तिथे गिटार गायकाच्या बाजूने निघते, त्याच्या अंगावर पडत नाही. ट्रेबल वाढवून पुढे आणलेली लीड झांजेत हरवते.

स्टीरिओ कोरस आणि पिंगपाँग डिले मोनोत ऐकून पाहा. काही कोरसमध्ये एका बाजूचा आवाज उलट्या फेजमध्ये असतो. दोन्ही बाजू मिक्सरवर एक झाल्या की तो कोरस विरतो आणि गिटार दबते. प्रोसेसरच्या लेफ्ट किंवा मोनो लिहिलेल्या एकाच जॅकमधून वायर काढून ऐकलं की लगेच कळतं. रिव्हर्ब उघड्या मैदानात थोडा जास्त चालतो. टिनाच्या मंगल कार्यालयात तो निम्म्यावर आणा, तिथे पत्राच पुरेसा रिव्हर्ब देतो.

साउंडवाल्याच्या टॉपशी जुळवणी

हे काम सहसा कोणी करत नाही, आणि मॉनिटरचे पैसे वसूल होतात ते इथेच. पावसाळ्यात साउंडवाल्यांचे टॉप गोदामात पडून असतात. ज्याच्यासोबत हंगामात जास्त कार्यक्रम होतात, त्याच्याकडे एक दुपार मागून घ्या. टॉप अंगणात स्टँडवर उभा करा, गोदामात नको. मिक्सरवर गिटारच्या चॅनलचे बेस-मिड-ट्रेबल मध्यावर, १०० हर्ट्झचा लो कट चालू, रिव्हर्ब बंद.

लूपर (वाजवलेला तुकडा भरून पुन्हा वाजवणारं यंत्र) असेल तर घरीच क्लीन, क्रंच आणि लीडचे तुकडे भरून न्या. तोच वाजवलेला तुकडा दोन्हीकडे ऐकला तरच तुलना खरी. आधी मॉनिटरवर, मग टॉपवर, दोन्हीकडे ८५ डीबीला. टॉपसमोर १५-२० फुटांवर उभे राहा, मग बाजूला सरकून ऐका, कारण हॉर्नच्या रेषेतून बाहेर पडलं की धार कमी होते आणि निम्मे प्रेक्षक तिथेच बसलेले असतात. जो फरक वाटतो तो प्रोसेसरच्या ग्लोबल इक्यूत (सगळ्या प्रीसेटना एकदम लागू होणाऱ्या) दुरुस्त करा, एकाही प्रीसेटला हात लावू नका. बहुतेक टॉपला ३,००० च्या आसपास २-३ डीबी कमी आणि २५० च्या आसपास थोडं कमी एवढ्यावर भागतं. ६ डीबीहून जास्त बदल करावा लागला तर इक्यू थांबवा आणि कॅब सिम्युलेशन, आउटपुटची सेटिंग आणि केबल पुन्हा पाहा.

ही सेटिंग त्या साउंडवाल्याच्या नावाने वहीत लिहून ठेवा. दुसऱ्याच्या टॉपसाठी दुसरी ओळ. कार्यक्रमाच्या संध्याकाळी ग्लोबल इक्यूत ते आकडे भरले की साउंड चेक पाच मिनिटांत उरकतो. समोरच्या वेजवर (स्टेजवर वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरवर) ऐकून टोन बदलू नका, वेज तुमच्यासाठी आहे, प्रेक्षक टॉप ऐकतात. तालमीच्या वेळी लूप लावून एकदा स्वतः मंडपाच्या मध्यापर्यंत जाऊन या.

मिक्सर स्टेजपासून लांब असेल तर १५-२० फुटांच्या पुढे साधा जॅक ओढू नका, डीआय बॉक्स (सिग्नल लांब वायरीसाठी बॅलन्स्ड करणारा डबा) लावा. घर्र आली तर त्यावरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. प्रोसेसरला एक्सएलआर आउट असेल आणि सिग्नल फाटत असेल तर आधी मिक्सरच्या चॅनलचा गेन आणि पॅड तपासा, प्रीसेटचा आवाज उगाच कमी करू नका. त्या चॅनलवर ४८ व्होल्टचा फँटम (माइकसाठी वायरीतून सोडलेली वीज) बंद आहे ना, हे साउंडवाल्याला वायर जोडण्याआधीच विचारा, काही प्रोसेसरच्या आउटपुटला तो सोसत नाही.

घरी महिनोन्महिने मॉनिटर बंद राहणार असेल तर त्यावर सुती कापड बांधून ठेवा. पोर्टच्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते आणि मग बेस का गेला याचा शोध केबलमध्ये सुरू होतो.